इपॉक्सीच्या आधी कोबा तपासावा

आंब्याच्या कॅनिंगच्या शेडमध्ये कोब्यावर (सिमेंटच्या जमिनीवर) दिलेला इपॉक्सीचा, म्हणजे राळ आणि ती कडक करणारे रसायन मिसळून केलेल्या लेपाचा थर पहिल्याच पावसाळ्यात फुगून सुटला, तेव्हा इपॉक्सीचा माल हलक्या प्रतीचा होता का, असा प्रश्न एकाने विचारला आहे. माझ्या मते दोष बहुधा खालून येणाऱ्या ओलीचा आहे. कोकणात आषाढ-श्रावणात जमिनीतली ओल जोत्यापर्यंत चढते आणि कोब्याखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला नसेल, तर तीच ओल वर येऊन थराला खालून ढकलते. रत्नागिरीजवळच्या आमच्या शेडमधला असा एक फोड मी सुरीने कापला, तेव्हा आत पाणी होते आणि पापुद्र्याच्या पाठीला सिमेंटची पांढरी भुकटी चिकटलेली होती. म्हणजे थर देण्याआधी कोब्याची घासाईही अपुरीच झाली होती.

नव्या कोब्याला किमान 28 दिवस द्यावेत, ग्राइंडरने वरची कच्ची साय (सिमेंटचा ठिसूळ पापुद्रा) घासून काढावी आणि दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक कोब्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी त्याखाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर काम थांबवावे. जिथे उकळते पाणी सांडते, तिथे मात्र पातळ इपॉक्सी मुळीच देऊ नये; तिथे पॉलियुरेथेन-सिमेंटचा (पॉलियुरेथेन राळ आणि सिमेंट यांच्या मिश्रणाचा) 6 ते 9 मिलिमीटर जाडीचा थरच टिकतो.