बेबिंकेला पथ्याचा दाखला कोणी दिला?

उकडी पेज

‘मांडवीकाठ’ यांनी काल येथे येत्या शनिवारच्या रात्रीचा बेत मांडला. पुण्याहून नणंदेचे कुटुंब येणार म्हणून बांगड्याचे हुमण (नारळाच्या वाटणाची आमटी), उकड्या तांदळाचे शीत (भात), तळलेली सुंगटे (कोळंबी), खाणाऱ्यांसाठी चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) आणि पोयी (कोंड्याचा पाव), सोलकढी, शेवटी थरांची गोड बेबिंका, आणि गप्पा लांबल्या तर काजू, काळे चॉकलेट व रेड वाइन. बेत उत्तम आहे. त्याखाली त्यांनी जे लिहिले ते मात्र मला काही केल्या पचले नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार यातील एकही पदार्थ अपथ्याचा नाही, कारण नारळात लॉरिक आम्ल आहे, काजूतील चरबी हृदयाला हितकर आहे, चॉकलेट आणि वाइन रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात, पोयी तर डॉक्टरच मधुमेहींना सुचवतात, आणि आपले पूर्वज हेच खाऊन नव्वदी गाठत असत.

माझा आक्षेप जेवणाला नाही, दाखल्याला आहे. पाहुणे आले की बेबिंका आणावी, पोटभर खावी, आणि चैन केली असे मोकळेपणाने म्हणावे. नारळाचे जाड दूध, साखर, मैदा आणि बलक यांचा एकेक थर वरच्या निखाऱ्यावर भाजायचा, प्रत्येक थरावर तूप सोडायचे, आणि वर या सगळ्याला ‘पौष्टिक’ म्हणायचे, हे धाडस कुठून येते? बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ती गोव्याची आहे म्हणून. रक्तातील साखर सांभाळते म्हणून नव्हे. त्याच वर्षी आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले आणि मधुमेहाच्या प्रमाणात आपले गोवा राज्य देशात पहिले आले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि आपले २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. ज्या राज्यात ही परिस्थिती आहे तेथे गोडाधोडाला औषधाचा मान देणे हा भाबडेपणा राहत नाही.

वाइनविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीतच स्पष्ट केले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. द्राक्षाच्या सालीतील ज्या रेझवेरेट्रॉलचे गोडवे गायले जातात ते प्यालाभर वाइनमध्ये नगण्य असते. चोरीस हे खारवलेले, धुरावलेले मांस आहे, आणि अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये पहिल्या गटात टाकले, म्हणजे त्याचा कर्करोगाशी संबंध पुराव्याने सिद्ध मानला. नाताळच्या दिवसांत दोन घास खाल्ल्याने कोणी मरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून तो दोन घासांचा पदार्थ पथ्याच्या यादीत कसा जातो?

कुळागर

पेजबाब, बेबिंकेचे तुम्ही आणि मांडवीकाठ पाहून घ्या. तिच्या आडून नारळाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले मात्र मी ऐकून घेणार नाही. हा खटला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. माझ्या आईच्या तरुणपणी शहाण्यासुरत्या लोकांनी घरातले खोबरेल बंद करून वनस्पती तुपाचे डबे आणायला लावले. पुढे त्याच डब्यांतील ट्रान्स चरबी घातक ठरली, २०२२ पासून तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, आणि त्या वेळी नारळाची माफी मागायला एकही तज्ज्ञ पुढे आला नाही. प्रशांत महासागरातील टोकेलाऊ बेटांवरील लोक आपल्या निम्म्याहून अधिक उष्मांक नारळातून घेत असत आणि तरीही त्यांच्यात हृदयविकार विरळा होता. हा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे, माझ्या मनातला नाही.

इतके लांब जायचे नसेल तर आमच्या सावईवेऱ्याला या. माझे आजोबा दोन्ही वेळा खोबऱ्याच्या वाटणाशिवाय जेवले नाहीत आणि अखेरच्या वर्षापर्यंत कुळागरातील पाट स्वतः अडवून झाडांना पाणी सोडत होते. त्यांना कोणी लॉरिक आम्ल सांगितले नव्हते आणि कोणी कोलेस्टेरॉलही सांगितले नव्हते.

साखळीकर

टोकेलाऊची साक्ष आपण अर्धीच नोंदवली आहे. त्याच अभ्यासात पुकापुका बेटाशी तुलना होती. पुकापुकाचे लोक टोकेलाऊकरांपेक्षा नारळ कमी खात आणि त्यांचे कोलेस्टेरॉलही कमी भरले. दोन्ही ठिकाणी हृदयविकार कमी होता हे खरे, पण ते लोक मासे आणि अख्खे खोबरे खाणारे, साखर जेमतेम चाखणारे आणि दिवसभर अंगमेहनत करणारे होते. आपल्या आजोबांचेही तेच. पाट अडवणारा माणूस खोबरे खाऊन ठणठणीत राहतो, म्हणून दिवसभर कचेरीत बसून घरी स्कूटरने येणाऱ्या नातवाला तेच प्रमाण मानवेल असे होत नाही.

शिवाय नारळ म्हणजे नेमके काय, याचा निकाल आधी लावायला हवा. हुमणात आपण खोबरे तिरफळा-मिरचीसह गुळगुळीत वाटून चोथ्यासकट घालतो, त्यात तंतू राहतात. बेबिंकेत केवळ पिळून काढलेले जाड दूध जाते आणि चोथा गोठ्यात जातो. तळणीत जाते ते नुसते तेल, ज्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक संपृक्त चरबी असते, म्हणजे लोण्यापेक्षाही जास्त. ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात २०२० मध्ये सोळा चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात सोयाबीन, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलामुळे वाईट कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. चांगले कोलेस्टेरॉलही थोडे वाढले, तेवढे आपल्या बाजूने धरावे. तेव्हा हुमणाला माझा आक्षेप नाही. खोबरेलात तळलेल्या सुंगटांना ‘हृदयाचे मित्र’ म्हणण्याला आहे.

कुळागर

आपले औषधाचे दुकान आहे, हे येथे सर्वांना माहीत आहे. लोकांनी घरचे खोबरेल वापरले तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कोणाला खपवायच्या, ही आपली अडचण मी समजू शकतो.

साखळीकर

आणि लोकांनी सूर्यफुलाचे तेल वापरले तर आपले नारळ कोणाला खपवायचे, ही आपली अडचण मीही समजू शकतो. आपण दोघेही धंदेवाईक आहोत, असे मानून पुढे बोलावे. फरक इतकाच, की मी वाटणाला निर्दोष ठरवून आपल्या मालाचे निम्मे गिऱ्हाईक राखले आहे.

मडगावकरीण

नारळाचा निवाडा तुमचा तुम्ही करा. मला पोयीविषयी बोलायचे आहे, कारण मांडवीकाठताईंच्या त्या एका वाक्यापायी आमच्या घरी रोज वाद होतो. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या डॉक्टरांनी ‘पाव बंद करा, पोयी चालेल’ असे सांगितल्यापासून त्या उंड्याकडे, म्हणजे मैद्याच्या गोल पावाकडे, ढुंकून पाहत नाहीत, पण सकाळी दोन आणि रात्री दोन पोया निश्चिंत मनाने खातात, वर भाजीच्या रश्शात बुडवण्यासाठी आणखी अर्धी मागतात. ‘पोयी बाधत नाही’ हे ब्रह्मवाक्य ठरले आहे.

एके दिवशी मी पोयी उभी चिरून खिडकीपाशी धरली. वरच्या पापुद्र्यावर आणि खालच्या बाजूला कोंड्याची भुकटी होती, ती बोटाने झटकताच ओट्यावर पडली. आतली पोकळी उंड्याइतकीच पांढरीशुभ्र होती. कोंडा पिठात नव्हताच. तो पोयी फळीला चिकटू नये म्हणून भुरभुरवलेला होता. सासूबाईंना ते दाखवले तर त्या म्हणाल्या, ‘तुझा उजेडच वाईट आहे.’

पेडण्याची लेक

ताई, तुमचा पोदेर (पाववाला) फसवा आहे म्हणून साऱ्या गोव्याच्या पोयीला नावे ठेवू नका. माझ्या माहेरी जो पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याची पोयी हातात घेतली की जड लागते, तोडली की आतही तांबूस असते आणि दुसऱ्या दिवशी ती वातड होते, कारण तिच्यात गव्हाचे पीठ आणि कोंडा खरोखर असतो. पूर्वी माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ रात्रभर फुगवत असत, ते आता राहिले नाही आणि सगळीकडे यीस्ट आले, एवढे मी कबूल करते. परंतु मऊ, पांढरी, हलकी पोयी हवी असा हट्ट कोणाचा आहे? पोदेराचा नव्हे. शिळी झाली, घट्ट झाली म्हणून परत करणाऱ्या गिऱ्हाइकांचा आहे, आणि अशी गिऱ्हाइके बहुधा शहरातली असतात.

मडगावकरीण

म्हणजे दोष शेवटी मडगावच्या सुनांवरच आला. ठीक आहे. पण माझ्याकडे नुसता उजेड नाही, साखर तपासण्याचे यंत्रही आहे. मी सासूबाईंची साखर पोयीच्या दिवशी आणि उंड्याच्या दिवशी, दोन्ही वेळा जेवणानंतर दोन तासांनी मोजली. आकड्यांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता.

साखळीकर

वहिनी, आपला संशय मला रास्त वाटतो, तथापि दोन टोचण्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पोयी किती खाल्ली, सोबत उसळ होती की बटाट्याची भाजी, गोळी वेळेवर घेतली होती की नाही, या सगळ्यावर आकडा हलतो.

मडगावकरीण

टोकेलाऊच्या लोकांची मोजणी आपल्याला चालते आणि माझ्या डोळ्यांसमोर जेवलेल्या सासूबाईंची चालत नाही. शास्त्र कदाचित बोटीने आले तरच खरे मानायचे असते.

उकडी पेज

मी बेबिंकेवर लिहिले होते, याची कोणाला आठवण असेल तर बरे वाटेल. पोयीचा मुद्दा मात्र मला माझ्याच बाजूचा वाटतो. ‘मधुमेहींची पोयी’ हाही दाखलाच आहे, आणि दाखला हातात पडला की माणूस मोजायचे सोडून देतो. दोन उंड्यांवर थांबणारी बाई साडेचार पोया खाते, ती या निर्धास्तपणामुळे. उकड्या तांदळाचेही तसेच आहे. भात तुसासकट उकडल्यामुळे कोंड्यातील ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, म्हणून तो न उकडता सडून पांढऱ्या केलेल्या सुरय तांदळापेक्षा सरस, हे मी माझ्या टोपणनावाला जागून मान्य करतो. पण ताटात शीताचा डोंगर आणि कडेला बांगड्याची एक कापटी, असे वाढून ‘आमचा तांदूळ उकडा आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. प्रमाण उलटे करा, बांगडा दोन आणि शीत निम्मे, मग मी बेताला पौष्टिक म्हणायला तयार आहे. बांगड्यातील ओमेगा-३ विषयी माझी कोणाशीच तक्रार नाही.

मांडवीकाठ

मी पाहुण्यांना जेवायला बोलावले आहे, तपासणीला नव्हे. एवढ्या लोकांना माझ्या ताटात डोकावून पाहावेसे वाटले याचा आनंद मानावा की संताप, हे अद्याप ठरलेले नाही. तरी काही उत्तरे देते.

पेजबाब, काजूविषयी आपण सोयीस्कर मौन पाळले आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने ३०० मधुमेहींवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बारा आठवडे रोज ३० ग्रॅम काजू खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब उतरला, चांगले कोलेस्टेरॉल वाढले आणि वजन वाढले नाही. म्हणजे चैनीची एक तरी वस्तू हितकर आहे, हे आपल्याच देशात, आपल्याच लोकांवर पाहिले गेले आहे. माझ्या वडिलांना काजू खाऊ नका म्हणून घरच्यांनी छळले होते. आमच्या स्वतःच्या भाटातले (बागेतले) काजू, आणि त्यांनी ते शेजाऱ्याकडे जाऊन चोरून खाल्ले. ज्यांनी त्यांना तेव्हा अडवले त्यांच्यात मीही होते, म्हणून हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

वाइनचे आपण म्हणता ते सोडून देते. यजमानांना ती प्यायची आहे आणि त्यांना कारण लागतेच असे नाही.

साखळीकर

चाचणी खरी आहे. ते ३० ग्रॅम काजू बिनमिठाचे होते आणि आहाराचा भाग म्हणून मोजून दिले होते, म्हणजे सुमारे वीस गर. वाइनसोबत तळून, मीठ-मसाला लावून वाडग्याने मांडलेल्या काजूंना ती लागू होत नाही. तुमच्या वडिलांना मोजून वीस दिले असते तर शेजाऱ्यालाही बरे वाटले असते.

कुळागर

काजूला संपृक्त चरबी असूनही माफी मिळाली, नारळाला नाही. वाटण निर्दोष आहे हे साखळीकरांनी लिहून दिले आहे, तेवढे मी कापून ठेवतो. बाकीचे त्यांच्या दुकानाला लखलाभ.

पेडण्याची लेक

ताई, बेबिंका घरी करणार की विकत आणणार? विकतच्या काही बेबिंकांत तुपाऐवजी काय असते, याचा उजेडात धरूनही पत्ता लागत नाही.

मांडवीकाठ

शेजारची माना करून देणार आहे, घरचे तूप मी दिले आहे. पेजबाबांच्या समाधानासाठी तुकडे बोटाएवढे कापीन, आणि ते आलेच तर त्यांना चोथा वाढीन.

मडगावकरीण

आज पोदेराला गेटवर थांबवून विचारले. त्याने कोणतेही आढेवेढे घेतले नाहीत. पीठ बहुतांश मैद्याचे, कोंडा वरून, आणि आत कोंडा घातलेली हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावे, वेगळी भाजून आणीन, पण परत घेणार नाही. सासूबाई दारात उभ्या राहून सगळे ऐकत होत्या. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘दोन्ही मैदाच असेल तर उंडोच घे, तो कुरकुरीत तरी असतो.’

साखळीकर

एकच उंडो द्यावा आणि सोबत मुगाची उसळ असावी.

मडगावकरीण

हे त्यांना समक्ष सांगायला आपण घरी यावे. उसळ मी करते, बोलणी आपण खावीत.