‘अतिक्रमण’, ‘घुसखोरी’ की ‘मज्जाव’? दुकानात वारंवार येऊन त्रास देणाऱ्याबद्दल अर्जात काय लिहावं

मोंढेकर, जालना : आडत दुकानात एकच माणूस पुन्हा पुन्हा येतो, गल्ल्यापाशी ठाण मांडतो, शिवीगाळ करतो. ठाण्यात अर्ज देताना ‘अतिक्रमण’ लिहावं, ‘घुसखोरी’ की ‘अनधिकृत प्रवेश’? आणि अशाला दुकानापुरतं ‘तडीपार’ करता येतं का?

नांदेडकर वकील : नुसतं ‘अतिक्रमण’ लिहू नका. आपल्याकडं अतिक्रमण म्हणजे गायरानावरची टपरी नाहीतर नालीवरचा ओटा. असा अर्ज वाचला की ‘पालिकेत जा’ हे उत्तर ठरलेलं. कायद्याचा शब्द ‘फौजदारीपात्र अतिक्रमण’. भारतीय न्याय संहितेचं कलम 329. 1 जुलै 2024 आधीच्या घटनेला भादंवि (जुनं भारतीय दंड विधान) 447 किंवा 448. तुम्ही मात्र ‘गृह-अतिक्रमण’ लिहा, 329(4).

लातूरकर : दुकानाला ‘गृह’?

नांदेडकर वकील : हो. राहती जागा आणि प्रार्थनास्थळ यांच्या जोडीला ‘मालमत्ता ठेवण्याची इमारत’ही त्यात येते. आडत, गोदाम, मेडिकल, सराफी सगळं बसतं. साध्या अतिक्रमणाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गृह-अतिक्रमणाला दंड तेवढाच, कैद मात्र 1 वर्षापर्यंत. दोन्ही दखलपात्र आहेत, तेव्हा एनसीवर (अदखलपात्र म्हणून नुसत्या नोंदीवर) बोळवण होऊ देऊ नका. उघडं आवार किंवा पार्किंग ‘गृह’ होत नाही.

परभणीकर : ‘घुसखोरी’ सरहद्दीवर शोभते. शिवाय इथं तो घुसतच नाही, गिऱ्हाईक म्हणून सरळ दारातून येतो. चालू दुकानात यायला सगळ्यांनाच न बोलता परवानगी असते. म्हणून कलमाचा दुसरा अर्धा भाग कामाचा : रीतसर आत येऊन, मग बेकायदा थांबून राहणं. परवानगी कधी काढून घेतली ते दाखवता आलं पाहिजे. त्याला आपला जुना शब्द आहे, ‘मज्जाव’.

नांदेडकर वकील : बरोबर, आणि तो लेखी करा. कागदावर त्याचं नाव, दुकानाचा पूर्ण पत्ता, आधीच्या प्रसंगांच्या तारखा आणि एक वाक्य : ‘या दिनांकापासून आपणास या जागेत प्रवेशास मज्जाव करण्यात येत आहे.’ सही ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याची. भाडेकरू असलात तरी तुमचीच, घरमालकाची नाही. प्रत हातात द्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. घेतली नाही तर प्रतीवर ‘घेण्यास नकार’ लिहून सह्या, आणि दुसरी प्रत पोचपावतीच्या टपालानं.

एवढ्यानं गुन्हा सिद्ध होत नाही. ‘मनाई करूनही आला’ इतकंच लिहिलं की अर्ज लंगडा पडतो, कारण धमकावण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा किंवा दुसरा गुन्हा करण्याचा इरादा लागतो. मथरी विरुद्ध पंजाब राज्य (1964) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं : त्रास होईल हे माहीत असणं वेगळं, त्रास देण्यासाठीच येणं वेगळं. म्हणून काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, किती वेळ हलला नाही ते लिहा, कोणतं गिऱ्हाईक परत गेलं तेही. डीव्हीआरवर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारी पेटी) जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, तेव्हा त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या. न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

लातूरकर : ‘तडीपार’चं राहिलं. तड म्हणजे काठ, हद्द. कागदोपत्री ‘हद्दपार’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम 55 ते 57. जास्तीत जास्त 2 वर्षं. जिल्ह्यातून किंवा त्याच्या भागातून काढतात, दुकानातून नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड ही नावं आदेशात येतील, तुमच्या गाळ्याचा नंबर येणार नाही.

परभणीकर : ‘सराईत’ही जपून वापरा. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 129 मधला सराईत म्हणजे चोरी, घरफोडी, खंडणी असले गुन्हे सवयीनं करणारा. नुसत्या भांडखोरासाठी कलम 126, बोलीत ‘चॅप्टर केस’. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, तालुक्याला बहुधा तहसीलदार, 1 वर्षापर्यंतचं शांततेचं बंधपत्र लिहून घेतात. एका दुकानापुरता कायमचा बंदोबस्त हवा असेल तर दिवाणी न्यायालयातून ‘मनाई हुकूम’. दाव्यासोबतच तात्पुरत्या हुकमाचा अर्ज द्यावा, नाहीतर निकालापर्यंत माणूस येतच राहतो.

मोंढेकर, जालना : पुन्हा आला तर पोलीस येईपर्यंत शटर ओढून धरावं का?

नांदेडकर वकील : मुळीच नाही. खाजगी माणसाला अटकेचा अधिकार त्याच्यासमोर घडलेल्या अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्ह्यात, नाहीतर घोषित गुन्हेगाराबाबतच आहे. हा गुन्हा जामीनपात्र. कोंडलंत तर न्याय संहितेच्या 127(2) खाली तुमच्यावरच गुन्हा. 112 ला फोन करा, दार उघडं ठेवा. भिंतीवर ‘चोर’ लिहून फोटो चिकटवायची पद्धत मोंढ्यात फार आहे, तिच्यातून अब्रुनुकसानीचा दावा उभा राहतो.

परभणीकर : ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ या पाटीबद्दलही. पाटी चालते, पण मज्जाव वागणुकीवरूनच हवा. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यावरून दुकानात येऊ न देणं संविधानाच्या अनुच्छेद 15(2) विरुद्ध आहे, आणि अस्पृश्यतेच्या कारणानं अडवलं तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा. कागदावर कारण म्हणून तारीखवार वागणूक हवी ती यासाठीसुद्धा.