शब्दचर्चा : ‘नपुंसकत्व’ ठेवावं का?

प्रश्न : पोटातल्या महाधमनीवरच्या आणि पायांकडे जाणाऱ्या धमन्यांवरच्या शस्त्रक्रियेच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. धोक्यांच्या यादीत जुन्या अनुवादकाने एकच शब्द लिहिलाय : ‘नपुंसकत्व’. माझं मन घेत नाही. पर्याय सुचवा.

उत्तर : काढाच तो. बिघाड एका धमनीचा आणि शिक्का अख्ख्या माणसावर! इंग्रजीतही ‘इम्पोटन्स’ सोडून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेने १९९२ साली सुचवलं होतं. आयुर्वेदातला ‘ध्वजभंग’ अर्थाने नेमका आहे, पण त्यातही पराभव आहेच, आणि आज तो कळणार किती जणांना? ‘लिंगाला ताठरता न येणे’ सरळ लिहा.

शिवाय ‘नपुंसकत्व’ फार मोघम आहे. महाधमनी बेंबीच्या आसपास दुभंगते. पुढे प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फाटे फुटतात, बाहेरचा पायाकडे जातो, आतला ओटीपोटाकडे. लिंगाला रक्त मिळतं ते या आतल्या फाट्यातून. धमनीची भिंत फुगून झालेला फुगा आतून नळी बसवून झाकताना कधी हा फाटा मुद्दाम बंद करावा लागतो. मग ताठरता कमी होऊ शकते आणि चालताना कुल्ला भरून येतो, थांबलं की उतरतो. मज्जातंतूंची गोष्ट वेगळी. महाधमनीच्या पुढ्यातून उतरणाऱ्या बारीक तंतूंना इजा झाली, तर ताठरता शाबूत राहूनही वीर्य मागे मूत्राशयात जाऊ शकतं. सुखाची जाणीव होते, बाहेर काही येत नाही, नंतरची लघवी गढूळ दिसते. याला ‘वीर्य उलट जाणे’ म्हणा. वाचणाऱ्याला दोन्ही वेगवेगळं कळायला हवं.

आणखी एक : ‘शस्त्रक्रियेमुळे येते’ हेही तपासा. रने लरीश या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात महाधमनीचं टोकच तुंबतं, आणि चालताना दुखणं व ताठरता जाणं ही त्याचीच लक्षणं. म्हणजे तक्रार आधीपासून असू शकते, आणि ओटीपोटाचा रक्तप्रवाह सुधारला तर काहींची कमीही होते. आणि ‘पेल्विस’साठी ‘श्रोणी’ नको, ‘ओटीपोट’ बरा.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. ओटीपोटाकडे जाणारा हाच आतला फाटा बायकांच्याही जननेंद्रियांना रक्त पुरवतो, आणि पत्रक त्यांच्याही हातात पडणार. ‘नपुंसकत्व’ लिहून आपण त्यांना वगळलंच होतं! आता असं केलंय : ‘शस्त्रक्रियेनंतर शरीरसंबंधात बदल जाणवू शकतो : ताठरता कमी होणे, वीर्य उलट जाणे, योनीत कोरडेपणा. आधीपासून त्रास असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगा.’