विभागाचं नाव बदलायचंय, प्रस्ताव कुठून सुरू करू?

अनघा_स्टॅट
एका राज्य विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात मी सहायक प्राध्यापक आहे. आमच्या विभागप्रमुखांनी मीटिंगमध्ये दोन घोषणा केल्या: येत्या जूनपासून एम.एस्सी. डेटा सायन्स सुरू करायचं, आणि त्यासोबत विभागाचं नावही ‘संख्याशास्त्र व डेटा सायन्स विभाग’ करून घ्यायचं. प्रस्ताव लिहिणार अर्थातच सगळ्यात ज्युनिअर, म्हणजे मी. शैक्षणिक विभागात विचारलं तर “आधी बीओएसमधून (अभ्यास मंडळातून) आणा” एवढंच उत्तर मिळालं. दोन्हींचा एकच प्रस्ताव चालेल का? शासनाची मान्यता लागते का? आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची)?

निवृत्त_कक्षाधिकारी
अनघाताई, एकच प्रस्ताव मुळीच करू नका. माझी नोकरी विद्या परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या, कार्यक्रमपत्रिका बांधण्यात गेली. एका विषयात दोन मागण्या घातल्या की दुसरीच्या पायी पहिलीही लटकते.

अभ्यासक्रमाची वाट ठरलेली आहे: अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद; पैशाचा किंवा पदांचा भाग असेल तर व्यवस्थापन परिषद. पण महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या. तुम्ही, संगणकशास्त्रवाले आणि अभियांत्रिकीवाले, सगळे ‘विज्ञान व तंत्रज्ञान’मध्येच. डेटा सायन्स आमचंच, असं संगणकशास्त्राच्या मंडळाचे अध्यक्ष बैठकीत म्हणणार म्हणजे म्हणणार. मग ‘समिती नेमावी’ असा ठराव होतो, आणि समिती नेमली की तुमचा जून गेला म्हणून समजा. त्यांना आधीच जाऊन भेटा. दोन-तीन पेपर शिकवायला त्यांच्या माणसांकडे द्या, दोन्ही मंडळांची संयुक्त बैठक लावून घ्या आणि इतिवृत्तावर दोन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या. चहापाण्याचा खर्च विभागाने करावा, वसूल होतो.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात, स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर (म्हणजे शासनाच्या अनुदानाशिवाय), नवी अनुदानित पदं न मागता सुरू करणार असाल तर मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. बृहत आराखडा (नवी महाविद्यालयं-अभ्यासक्रम कुठे हवेत याची विद्यापीठाची योजना) आणि त्याच कायद्याचं परवानगीचं कलम 109 ही डोकेदुखी संलग्न महाविद्यालयांची.

यूजीसीचं म्हणाल तर 1956 च्या कायद्याचं कलम 22 पदवीच्या नावापुरतं पाहतं. 2014 साली राजपत्रात आलेल्या यादीत एम.एस्सी. आहे, विषय कोणता ते विद्यापीठ ठरवतं. मात्र कुणाच्या डोक्यात ‘मास्टर ऑफ डेटा सायन्स’ आलं तर तिथेच थांबवा. यादीबाहेरच्या पदवीला आधी दिल्लीची मंजुरी लागते.

आता विभागाचं नाव. पाटी बदलायला काही लागत नाही. अडचण पदांची आहे. तुमची मंजूर पदं ‘संख्याशास्त्र’ या विषयाची आहेत. उद्या जाहिरात निघाली की पात्रता काय लिहिणार? नेट-सेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना, डेटा सायन्स असा विषय नाही. तुमची मुलं गणितीय विज्ञानातून बसतात. निवड समितीपुढे ‘संलग्न विषय’ या दोन शब्दांवर तासभर भांडण झालेलं मी ऐकलंय, आणि नंतर ते प्रकरण कोर्टात गेलेलंही पाहिलंय. माझं मत विचाराल तर अभ्यासक्रम सुरू करा, दोन बॅचेस बाहेर पडू द्या, नावाचा हट्ट साहेबांना तोपर्यंत बाजूला ठेवायला सांगा.

माटुंग्याचा_इंजिनिअर
नाव बदलायला आमचा विरोध नाही, पण मागच्यांची सोय बघा. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली आमची यूडीसीटी पुढे यूआयसीटी झाली आणि 2008 मध्ये आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणून अभिमत विद्यापीठ. माणसं तीच, माटुंग्याचं आवारही तेच. परदेशात नोकरी धरताना मात्र कागद तपासणाऱ्या एका कंपनीने मला विचारलं, की या नावाची संस्था आम्हाला सापडत नाही, तुमची पदवी कुणाची? पत्रव्यवहारात महिना गेला. ठरावातच एक ओळ टाका, की नवा विभाग हा जुन्याच विभागाचा पुढचा भाग आहे आणि जुने सगळे अभिलेख त्याच्याकडे राहतील.

ठाण्याचा_कॉमर्सवाला
आमच्याकडे उलटं झालं. 2024 मध्ये बीबीए, बीएमएस हे व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) छत्राखाली गेले आणि प्रवेशाला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आली. अनेक महाविद्यालयांनी सरळ बीएमएसचं ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ करून घेतलं. सीईटी नको, एआयसीटीईचे निकष नकोत, वर्ग भरलेले. नावाला किंमत नसते म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

अनघा_स्टॅट
कक्षाधिकारी सर, खूप आभार. संगणकशास्त्राच्या मॅडमना सोमवारी भेटते. एकच शंका: साहेब नावावर अडूनच बसले, तर सध्या शिकणाऱ्या मुलांच्या पदवीपत्रावर काय येईल?

निवृत्त_कक्षाधिकारी
ज्या विषयाला प्रवेश घेतलाय तोच, म्हणजे संख्याशास्त्र. पदवी विद्यापीठ देतं, विभाग देत नाही. आमच्याकडे तरी पदवीपत्रावर विभागाचं नाव छापत नसत. घोळ होतो तो बोनाफाइड आणि शिफारसपत्रांवर, कारण तिथे विभागाचा शिक्का लागतो. जुना शिक्का लगेच मोडीत काढू नका. आणि हो, प्रस्तावाला शुल्करचना आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा खर्च जोडा. ते पान नसेल तर वित्त विभाग फाइल परत पाठवतो, आणि परत आलेली फाइल पुन्हा वर जायला किती दिवस लागतात ते मला विचारू नका.