सांता, गौराई, शिराळशेट: मुलांना खरं कधी सांगता? (अनुभव धागा)

सातारा-सांगलीकडच्या आईबापांनो, आज्यांनो, मामा-मावश्यांनो, हा धागा तुमच्यासाठी.

डिसेंबर लागला की साताऱ्यात मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत दुकानांत लाल टोप्या लटकायला लागतात. आमची पाच वर्षांची बया शाळेतून येऊन विचारते, "सांता आपल्या अपार्टमेंटला कुठनं येणार? वॉचमनकाका सोडतील का?" नवऱ्याचं म्हणणं, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांच्या गावात राहून पोरीला थापा मारायच्या नाहीत. सासूबाई लगेच, "मग दरवर्षी गौराई पावलं उमटवत येते, तेव्हा बरा गप्प बसतोस!" मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

मतं नकोत, ती कुठंही ढिगानं मिळतात. घरात काय घडलं ते लिहा. सांताच हवा असं नाही. दात नेणारा उंदीर, बागुलबुवा, बोरन्हाणातला करी राक्षस, काहीही चालेल.

मिरजेहून, दोन मुलांची आई

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. लोकांना वाटतं, ख्रिस्ती घरात सांताचं केवढं प्रस्थ असेल. तसं काही नाही. नाताळ आमच्याकडे येशूच्या जन्माचा. देवळात म्हणजे चर्चला जायचं, करंज्या-अनारसे करायचे, नातलगांकडे डबे पोचवायचे. सांता येतो तो कॅरल गाणाऱ्या पोरांच्या पुढं नाचत, रात्री उशिरा. माझ्या धाकट्यानं चौथ्या वर्षीच ओळखलं होतं, कारण सांतानं बाबाकाकांच्या कोल्हापुरी चपला घातल्या होत्या. तरी खाऊ घेतला आणि "थँक्यू सांता" म्हणाला.

मी मुलांना संत निकोलसची गोष्ट सांगते. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याचा सण 6 डिसेंबरला असतो. कथा अशी की एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. निकोलसनं रात्री गुपचूप खिडकीतून मोहरांच्या थैल्या आत टाकल्या. थोरलीनं विचारलं, "म्हणजे तिकडंपण हुंडा होता?" सांता खरा की खोटा हा प्रश्न तिथंच मागं पडला. पुढचा अर्धा तास हुंड्यावर!

माण तालुक्यातून, आजी (नातू टाइप करतोय)

आमच्याकडं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शिराळशेट बसवत्यात. मातीचा राजा करायचा, पुजायचा, आन गाणी म्हणत वड्याला न्हेऊन बुडवायचा. दुर्गादेवीच्या दुष्काळात ह्या वाण्यानं आपली समदी कोठारं लोकास्नी उघडी केली म्हणत्यात. बादशा खूश झाला आन त्येला औट घटकेचं राज्य दिलं. (औट म्हणजे साडेतीन, घटका 24 मिनिटांची, म्हणजे फक्त 84 मिनिटं. हे मी काढलं. नातू.)

ह्यो नातू बारका हुता तवा राजा बुडवताना लई रडायचा. मग इचारायचा, "आजे, शिराळशेट खरा हुता का?" म्या म्हनलं, हुता म्हणत्यात बाबा, म्या काय बघितला न्हाई. दुष्काळ तेवढा खरा. तुझ्या बापानं छावणीत जनावरं राखल्यात, त्येला इचार.

सांगलीहून, प्राथमिक शिक्षिका

मला सांता खोटा असण्याचं काही वाटत नाही. त्याच्या हिशेबाचं वाटतं. माझ्या वर्गात बागायतदारांची मुलं आहेत, डॉक्टरांची आहेत आणि मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालांचीही आहेत. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वर्गात एकच विषय, सांतानं काय दिलं. एकाला गिअरची सायकल, एकीला टॅब. एका मुलाला खोडरबर आणि शार्पनर. तो शहाणा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "मी बहुतेक मस्ती जास्त करतो."

आता सांगा, त्याला काय उत्तर द्यायचं? बापाची मजुरी किती, हे सांताच्या गोष्टीत बसत नाही. गोष्टीत एवढंच आहे की चांगल्या मुलांना चांगली भेट मिळते. मग ज्याला कमी मिळालं तो स्वतःलाच वाईट ठरवतो. गौरीच्या बाबतीत असं होत नाही बघा, ती काही माप लावून वाटप करत नाही. ज्याच्या घरी जे शिजलं ते ती जेवते.

पालकांना माझं एवढंच सांगणं असतं: मोठी वस्तू आईबाबांनी दिली म्हणून द्या. सांताच्या नावावर गोळ्या-चॉकलेटापलीकडं काही नको.

सातारा, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतला एक बाप

21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढं रांगा लागल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही पोरं चमचा आणि वाटी घेऊन गल्लोगल्ली फिरलो. ओल्या मूर्तीच्या सोंडेला काठोकाठ भरलेला चमचा टेकवला की पृष्ठताणामुळं दूध ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली उतरतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवला होता. योगायोग म्हणजे 21 सप्टेंबरलाच, 1897 साली, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं आठ वर्षांच्या मुलीला छापून उत्तर दिलं होतं की सांता आहे!

आता लोकांना वाटेल मी सांताच्या विरोधात असणार. मुळीच नाही. त्या दिवशी रांगेत मोठी माणसं होती, आणि प्रश्न विचारला की अंगावर येत होती. पोरांचं तसं नसतं. माझ्या लेकीनं सातव्या वर्षी सांताच्या चिठ्ठीतला 'क्ष' आणि माझ्या डायरीतला 'क्ष' शेजारी ठेवले. मग ज्या कागदात भेट गुंडाळली होती त्याचा उरलेला रोल कपाटात शोधला. पुरावे मांडून झाल्यावर मला समोर बसवलं. मी कबुली दिली. असा तपास मला कुठल्याही शिबिरात मुलांकडून करून घेता आला नसता. मात्र पोरानं थेट विचारल्यावर "शंका घेतलीस तर सांता येणार नाही" असं जे सांगतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

विटा

मी पोराला पहिल्याच वर्षी सांगितलं, सांता म्हणजे जाहिरात. पोरानं ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. तीन नंबरच्या वहिनी अजून बोलत नाहीत. माझं काही म्हणणं बदललेलं नाही.

जत तालुक्यातून

सणाचं थोडं बाजूला ठेवून लिहितो, चालेल ना? आम्हाला लहानपणी देणारं कोणी नव्हतं, नेणारे मात्र होते. जेवलं नाही की "गोसावी झोळीत घालून नेईल". दुपारी बाहेर पडलं की "पोरं धरणारा आलाय". हे सांगणारी माणसं प्रेमळच होती. आईला चार कामं उरकायची असायची, तेवढ्यापुरता गोसावी कामाला यायचा. तो खरोखर दारात आला की हीच आई सुपातून पीठ वाढायची आणि पाया पडायची, आणि आम्ही कणगीमागं लपून बघायचो.

सप्टेंबर 2022 मध्ये आमच्याच तालुक्यात लवंग्याला उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी मारलं. त्याआधी 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार केलं. ते नाथपंथी डवरी गोसावी. अफवा मोबाइलवरून आली हे खरं. पण मोबाइल यायच्या आधीपासून झोळीवाला म्हणजे पोरं नेणारा हे चित्र आमच्या डोक्यात कोणी घातलं होतं? मारणारेही कधीतरी कणगीमागं लपलेलेच असणार. पुराव्यानं सिद्ध करता येणार नाही, माझं वाटणं आहे.

माझ्या घरी सांता येतो, उंदीर येतो, कोणीही देणारा येऊ दे. धरून नेणारा कोणी नाही. आईला हे पटवायला भांडावं लागलं. आता तीच दारात आलेल्या वासुदेवाला नातीच्या हातून धान्य घालायला लावते.

इस्लामपूर

दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा, उंदरासारखे चिवट दात येतात म्हणून. आमच्या फ्लॅटला कौल नाही आणि देवाच्या दयेनं बीळही नाही. पोरानं दात काडेपेटीत घालून गिरणीवाल्याकडं दिला. "तुमच्याकडं असतील ना?" गिरणीवाला दोन दिवस रुसला होता.

कराड, आता मुंबईत

आमच्याकडे तेरड्याची गौर. नदीवरून आणायची, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग पावलांवरून घरभर फिरवायची. "गौर आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." मी सकाळी उठून पावलं मोजायचे. माझ्या मते ती रात्रीच येऊन घर बघून जायची. संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरी, कारण लेक दमून आलीय, तिला माहेरचं साधं जेवण पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि तिला न्यायला आलेला शंकरोबा.

नऊ वर्षांची असताना पहाटे पाण्याला उठले आणि आई मूठ भिजवलेल्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवताना दिसली. मुठीच्या कडेचा ठसा, वर बोटानं पाच ठिपके, झालं पाऊल. मला रडू आलं नाही, राग आला. आईनं काहीही समजावलं नाही. वाटी पुढं सरकवली आणि म्हणाली, "डाव्या मुठीनं डावं, उजव्या मुठीनं उजवं. धाकटी उठायच्या आत देवघरापर्यंत पोचलं पाहिजे."

धाकटीला पुढं तीन वर्षं पत्ता लागला नाही. मी तर पावलांमध्ये अंतर कमी-जास्त ठेवायचे, उंबऱ्याशी जरा अडखळल्यासारखं. माहिती झाल्यावर मला गौरीचा सण जास्त माझा वाटायला लागला, हे मात्र खरं.

धाकटीचं आता लग्न झालंय, मुलगा सहा वर्षांचा आहे. त्यांच्याकडे गौरी नाहीत, सांता आहे. परवा फोन आला होता, "ताई, बुटांचे ठसे कशानं काढू? मैद्यानं पुसट येतात." तांदळाचं पीठ जरा दाट कालव म्हटलं.