हिस्टेरिसिस: नावच फसवं आहे की आपण ते चुकीचं वाचतो?

कंपासवेडा (धागाकर्ता): चुंबकीय क्षेत्र बदललं तरी लोखंडाचं चुंबकत्व त्याच्या मागे राहतं, त्याला ‘हिस्टेरिसिस’ म्हणतात. माझ्या मते हे नावच दिशाभूल करतं. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स अल्फ्रेड यूइंग टोकियोत प्राध्यापक असताना, १८८१ च्या सुमारास, त्यांनी ते ग्रीकवरून घेतलं. मूळ अर्थ मागे पडणं, कमी पडणं. मग विद्यार्थ्याला वाटतं, लोखंड जरा सुस्त आहे, थोडं थांबलो की गाठेल. पण गाठतच नाही! पोलादाभोवतीच्या गुंडाळीतला प्रवाह हवा तितका हळू शून्यावर आणा, चुंबकत्व उरतंच. ते घालवायला प्रवाह उलटा द्यावा लागतो. हा कसला उशीर? ही पदार्थाची स्मृती आहे.

सरळरेघ: स्मृती म्हणे! आता लोखंडाला मेंदू द्या. अहो, हे ‘मागे’ घड्याळाचं नाहीच. आलेख काढा: गुंडाळीचं चुंबकीय क्षेत्र वाढवताना एक वक्र, उतरवताना त्याच्या वरून जाणारा दुसरा. क्षेत्र शून्यावर पोचलं तरी चुंबकन अजून वरच. कारणाच्या मागे परिणाम, बस्स. वेळेमुळे रेंगाळतं त्याला ‘मॅग्नेटिक व्हिस्कॉसिटी’ हे वेगळं नाव आहे.

कंपासवेडा: हे तुम्हाला माहीत आहे, नवख्याला नाही. हिंदीत तर ‘शैथिल्य’ करून ठेवलंय. इथे सैल काय आहे? डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या छोट्या भागांच्या, भिंती धातूतल्या दोषांपाशी अडकून बसतात, पुरेसं क्षेत्र मिळेपर्यंत हलत नाहीत. नाव अडकण्यावरून हवं होतं.

गाभा: डोमेन ही विसाव्या शतकातली कल्पना, यूइंगना ती कुठून ठाऊक असणार? दिसलं त्यावरून नाव दिलं, तेच शहाणपणाचं. नाहीतर सिद्धांत बदलला की बारसं पुन्हा. आणि दोघंही लूपच्या, म्हणजे त्या दोन वक्रांनी बनलेल्या बंद वळशाच्या, आतलं क्षेत्रफळ विसरताय: दर फेरीला, दर घनमीटरमागे उष्णता होऊन जाणारी ऊर्जा. ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात सेकंदाला अशा ५० फेऱ्या होतात. लूप अरुंद राहावा म्हणून तर तिथे सिलिकॉन पोलाद वापरतात.

चौकस: मध्येच विचारतो, हिस्टेरियाशी याचं काही नातं?

सरळरेघ: नाही. तो ‘हिस्टेरा’वरून, म्हणजे गर्भाशय. हा ‘हिस्टेरोस’वरून, म्हणजे मागचा, नंतरचा.

कंपासवेडा: गाभा, तुमचं क्षेत्रफळ माझ्याच बाजूनं बोलतंय. नुसता उशीर असता तर फेरी अगदी सावकाश केल्यावर लूप मिटला असता. तो मिटत नाही. नाव राहू द्या हवं तर, पण व्याख्येच्या पहिल्याच ओळीत ‘विलंब’ लिहिणं तरी थांबवा.

सरळरेघ: ‘विलंब’ काढा, चालेल. ‘मागे पडणं’ मात्र राहणार.