मदत हवी आहे: पश्चिमेच्या उन्हात न विटणारा, मातकट गुलाबी रंग

नमस्कार. नाशिकच्या आमच्या घरातील दोन खोल्यांना पावसाळा संपून भिंती नीट वाळल्या, की गुलाबी रंग द्यायचा आहे. छटा ठरवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे. एक खोली आईची असून तिला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे; दुसरी बैठकीची, जिला केवळ उत्तरेचा उजेड मिळतो. दोन्हीकडे कोटा फरशी आणि जुने सागवानी फर्निचर आहे, आणि ते बदलायचे नाही.

आईच्या मनात जयपूरच्या जुन्या शहराचा रंग भरला आहे. १८७६ साली वेल्सच्या युवराजांच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह यांनी ते शहर रंगवून घेतले होते. त्याला गुलाबी म्हणत असले, तरी तो रंग गेरूकडे झुकणारा आहे. मलाही तोच पटतो, कारण शेडकार्डावरील निळसर झाकेचे गुलाबी रंग कोट्याच्या हिरवट करड्या फरशीशेजारी अधिकच भडक वाटतात, तर तपकिरी झाकेचा गुलाबी सागवानाशी सहज जुळतो.

माझी खरी काळजी उन्हाची आहे. फिकट गुलाबी छटेत लाल रंगद्रव्य मुळातच थोडे असते, आणि ते उन्हात न टिकणाऱ्या सेंद्रिय प्रकारचे असेल, तर दुपारभर ऊन खाणारी भिंत काही वर्षांत विटून पांढुरकी दिसू लागते. याउलट रेड ऑक्साइड, म्हणजे गेरूला लाली देणारे लोहाचे ऑक्साइड, उन्हाला दाद देत नाही. तेव्हा दुकानातील टिंटिंग (रंगद्रव्ये मिसळून छटा बनवणाऱ्या) यंत्रावर केवळ लाल आणि पिवळ्या ऑक्साइडपासून छटा बनवून मिळते का, आणि तशी कोणी बनवून घेतली आहे का? ज्यांच्या घरी पश्चिमेच्या भिंतीवर गुलाबी रंग आहे, त्यांनी एखादी जुनी तसबीर काढून पाहावी आणि तिच्यामागचा चौकोन किती गडद उरला आहे, ते सांगावे. याहून भरवशाची माहिती मला कुठे मिळेल असे वाटत नाही.

बैठकीच्या खोलीत हीच छटा वापरावी, की उत्तरेच्या थंड उजेडासाठी थोडी अधिक पिवळसर घ्यावी? तेथे सध्या ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे आहेत आणि त्यांच्या प्रकाशात नमुन्याचा पट्टा जांभळट दिसतो. २७०० किंवा ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर प्रकाशाचे दिवे लावल्यास तो शेंदरीकडे झुकेल का?

भिंतींचा गिलावा जुना असून लांबी (पुट्टी) भरल्यावरही तिरप्या उजेडात उंचसखलपणा जाणवतो, म्हणून मॅट (बिनचकाकीच्या) इमल्शनचे दोन हात द्यावेत असे रंगारी सांगतात. परंतु पलंगामागची भिंत वरचेवर पुसावी लागते, आणि तेवढ्या एका भिंतीला सॅटिन (किंचित चकाकीचे) फिनिश दिल्यास फरक डोळ्यांत भरेल का, हेही कळले तर बरे होईल.

गुलाबी रंगाने मन शांत होते, हा मुद्दा मात्र कृपया नको. १९७९ साली सिअ‍ॅटलच्या नौदल कोठडीतील प्रयोगावरून तो समज पसरला, पण नंतरच्या काटेकोर अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. उत्तर देताना खोलीची दिशा, फरशीचा रंग आणि रंगाला किती वर्षे झाली हे आवर्जून लिहावे. छायाचित्र देणार असाल, तर ते दिवे बंद करून दिवसाच्या उजेडात काढलेले असावे.